कुंडाकाठी दिलेला हात

फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारं कुणी उरलं नाही, आणि त्या गावाची वाट ठाऊक असणारंही कुणी नाही. मुलांनो, आणि मुलांना मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्या माणसांनो, जरा जवळ सरकून ऐका.

त्या गावात एक कुंड होतं. काळ्या दगडाचं, चौकोनी, चारी बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेलं. पाणी हिरवं आणि इतकं निश्चल की सोसाट्याच्या वाऱ्यातही त्यावर रेघ उठत नसे. पाखरं त्यावरून उडताना गप्प होत. म्हाताऱ्या माणसांना विचारलं की कुंडात काय आहे, तर ती म्हणत, "पाणी आहे." आणि लगेच दुसरं काहीतरी बोलू लागत.

वर्षातून एकदा या कुंडाच्या काठी देवीची जत्रा भरे. बत्तासे, लाकडी भिंगऱ्या, पिपाण्या, कासारांच्या राहुट्या, आणि मधोमध चार पाळण्यांचा उंच रहाटपाळणा. या जत्रेची एक रीत होती. मूल पाळण्यात बसवायचं असेल, तर आईने किंवा बापाने त्याचा हात पाळणेवाल्याच्या हातात ठेवायचा, त्याच्या डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, "दिला." पाळणेवाल्याने मुलाकडे बघायचं, हात धरायचा आणि म्हणायचं, "घेतला." त्यानंतरच आईने आपली बोटं सोडायची. उतरतानाही तसंच, फक्त उलटं.

ही रीत कुणी घातली ते कुणालाच माहीत नव्हतं. का घातली, हे विचारलं तर जुनी माणसं एवढंच सांगत, की पोराचा हात मोकळा ठेवू नये. मोकळा हात दिसला की धरणारे पुष्कळ असतात.

पण रीत जुनी झाली की तिचं गाणं होतं, आणि गाण्याकडे कुणी लक्ष देत नाही.

त्या गावात येसू नावाची एक विणकराची बायको राहत होती. वयाने लहान, स्वभावाने भित्री. मागावरचा धोटा हातातून निसटून खाली पडला तरी दचकणारी. तिला पाच वर्षांची मुलगी होती, तिचं नाव ठकी. जत्रेच्या दिवसांत येसूचा नवरा कापडाचे गठ्ठे बैलावर लादून लांबच्या पेठेला गेला होता. जाताना तो म्हणाला होता, "ठकीला पाळण्यात बसव. मागच्या वर्षी रडली होती, या वर्षी हसेल." एवढंच.

भर दुपारी येसू ठकीला घेऊन जत्रेत गेली. ऊन टळटळीत होतं. सावल्या पायांखाली घुसल्या होत्या. रहाटपाळण्यापुढे पोरांची रांग लागली होती आणि भिवा पाळणेवाला घामाघूम होऊन एकेकाला उचलून बसवत होता. तोंडाने त्याची मस्करी चालूच होती. एका म्हातारीला तो म्हणाला, "आज्जे, तूही बस, वर गेलीस की माहेर दिसेल." म्हातारी म्हणाली, "मेल्या, माहेरची सगळी वरच गेलीत, त्यांना भेटवतोस की काय?" रांगेतली माणसं हसली. आणि त्या हसण्याच्या मधून मधून भिवाचं "घेतला... घेतला... घेतला" चालू होतं, सकाळपासून, न बघता, न थांबता.

रांगेला लागूनच कासाराची राहुटी होती. येसू रांगेत उभी असतानाच कासाराने तिला हाक मारली. येसूने उजवा हात पुढे केला. डाव्या हातात ठकी होती. उजव्या मनगटात हिरव्या बांगड्या भरून झाल्या आणि कासार म्हणाला, "आता दुसरा हात दे, ताई."

इथेच घोटाळा झाला. त्या गावात सवाष्णीने एका हातात नव्या बांगड्या भरून दुसरा हात तसाच ठेवणं अशुभ मानत. आणि बांगड्या भरताना हात हलवला, काच फुटली, तर त्याहून अशुभ. नवरा परगावी होता. रांगेत तिच्यापुढे एकच पोर उरलं होतं. तिने मान न वळवता ठकीचा हात पाळण्याच्या बाजूला पुढे केला आणि म्हणाली, "दिला."

मागून आवाज आला, "घेतला."

येसूने बोटं सोडली.

दोन्ही हात भरून तिने वळून बघितलं, तेव्हा पाळणा फिरत होता. चारी पाळण्यांत मुलं होती. ठकी त्यांत नव्हती.

आता कुंडाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. कुंडाला चारी बाजूंनी कमरेएवढा कठडा होता. पाळण्याच्या मागच्या बाजूचा कठडा आदल्या पावसाळ्यात ढासळला होता. पाटलांना तो चार माणसांनी दाखवला होता. पाटील म्हणाले होते, जत्रा होऊ द्या, मग बघू. आणि राजाचे कारभारी जत्रेला येणार म्हणून त्यांनी त्या खिंडारावर लाल कापड ताणून बांधायला लावलं होतं. कापड छान दिसत होतं. कठड्याएवढंच उंच. लांबून बघणाऱ्याला वाटे, कठडाच सजवलाय. पाच वर्षांच्या मुलीला वाटे, टेकायला भिंत आहे.

ठकी सापडली ती त्या कापडाखाली, सातव्या पायरीवर. पाण्यात नव्हती. कपाळाला खोक पडली होती, पण श्वास चालू होता. आणि अंगावरचे कपडे चिंब भिजलेले होते.

तिला घरी आणून निजवलं. रात्र गेली, सकाळ झाली. ठकीचे डोळे उघडे होते, पण ती कुणाकडेच बघत नव्हती. पेज घातली तर गिळायची. हाक मारली तर ऐकू गेल्यासारखं काही दिसायचं नाही.

सकाळी येसू पाण्याला गेली, तर पाणवठ्यावर बायकांचं बोलणं तिला बघून थांबलं. मग एकजण हळूच म्हणाली, "बांगड्या नीट बसल्या का गं? सैल तर नाही ना झाल्या?" येसू अर्धा हंडा भरून तशीच परत फिरली. मागून कुणीतरी म्हणत होतं, आम्ही काय करणार बाई, आमचं लक्ष आमच्या पोरांकडे.

दुपारी उन्हं डोक्यावर आली. येसू चुलीशी होती. पाठीमागे काही हललं म्हणून तिने वळून बघितलं.

ठकी उभी होती. तिचा उजवा हात वर उचललेला होता. मोठ्या माणसाचं बोट धरून चालताना लहान मुलाचा हात जेवढा वर जातो, तेवढाच. बाजूला कुणी नव्हतं.

ती चालू लागली. हळू, मोठ्या माणसाच्या बरोबरीने चालावं तशी, मध्येच एक पाऊल घाईने टाकून. उंबऱ्यापाशी आली आणि थांबली. येसूने धावत जाऊन तिला मिठी मारली. अंग गार होतं, आणि जड. ती उचलेना. येसूने तो वर गेलेला हात खाली ओढून बघितला. तो खाली आला नाही. पलीकडून कुणीतरी धरून ठेवला होता. जोर करत नव्हतं, ओढत नव्हतं. नुसतं सोडत नव्हतं.

उन्हं कलली, सावली पायांबाहेर आली, आणि ठकी एकदम मऊ होऊन येसूच्या अंगावर कोसळली. उजवा तळवा उघडून येसूने बघितलं. त्यावर चार बोटांचे चार पांढरे वळ होते. ओले.

गावात एक म्हातारी सुईण होती. त्या गावातलं प्रत्येक माणूस, पाटलांसकट, पहिल्यांदा तिच्याच हातात आलं होतं. येसूने तिला बोलावलं. सुईणआजीने ठकीचा तळवा हुंगला, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "आज सकाळपासून गावात काय बोलणं झालं?"

येसूने पाणवठ्यावरचं सांगितलं. सुईणआजी म्हणाली, पंच काय बोलतात ते उद्या बघू. आणि उद्या ही पोर किती पावलं चालते तेही बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंच बसले. सगळा गाव गोळा झाला. प्रश्न एकच होता: ठकी पडली, त्याचा जाब कुणी द्यायचा?

येसूला आधी विचारलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, की रीतीप्रमाणे आपण "दिला" म्हणालो, "घेतला" ऐकलं, आणि मगच हात सोडला. त्यानंतर पोर पाळणेवाल्याची. कायदा तसाच आहे. पंचांनी मान हलवली. कायदा तसाच होता.

मग भिवा उभा राहिला. त्याने सांगितलं, की त्याने हात घेतलाच नाही. पुढचं कुंभाराचं पोर त्याच्या हातात होतं, त्याला तो बसवत होता. आई बघत नसेल, तर पाळणेवाल्याला स्वप्न पडतं का? जो हात माझ्या हातात आलाच नाही, तो माझा कसा? पंचांनी पुन्हा मान हलवली. तेही खरंच होतं.

मग पाटील. पाटील बसूनच बोलले. म्हणाले, जत्रा देवीची, कुंड राजाचं, कठडा माझ्या खापरपणज्याच्याही आधीचा. मी कापड लावलं ते शोभेसाठी, त्यावर टेका असं कुणाला सांगितलं नव्हतं. आणि जत्रेला येताना पोरं सांभाळा, अशी दवंडी मी स्वतः पिटवली होती. दवंडी सगळ्यांनी ऐकली होती. पंचांनी तिसऱ्यांदा मान हलवली.

तिघेही खरं बोलत होते, म्हणून पंचांना निवाडा करता येईना. त्यांनी ठरवलं, की असा प्रसंग शास्त्रात बघावा लागेल, चार दिवसांनी पुन्हा बसू.

त्या दुपारी ठकी उठली, उंबरा ओलांडला, अंगण ओलांडलं आणि गल्लीच्या टोकापर्यंत गेली. उजवा हात वर. तिच्या पावलांच्या डाव्या बाजूला धूळ कोरडी होती. उजव्या बाजूला ओली पावलं उमटत होती, लांब, बोटं पसरलेली, दोन पावलांत माणसाच्या तीन पावलांचं अंतर. ती उमटलेली गावातल्या निम्म्या लोकांनी बघितली. कुणी काही बोललं नाही. आपापल्या पोरांना घरात ओढून त्यांनी दारं लावून घेतली.

दारामागे मात्र सगळे बोलतच होते. आमचं काय त्यात? मी तर त्या बाजूला नव्हतोच. मी कापड बांधलं, पण सांगितलं म्हणून बांधलं. मी खिंडार बघितलं होतं, पण मी काय पाटील आहे? घराघरातून तेच.

तिसऱ्या दुपारी ठकी जत्रेच्या मोकळ्या माळापर्यंत गेली. तिथून कुंड हाकेच्या अंतरावर होतं.

येसू त्या दुपारी तिच्या डाव्या बाजूने, तिच्याबरोबर चालत गेली. धरून ठेवता येत नव्हतं, म्हणून नुसती चालत होती. माळावर ठकी थांबली, तेव्हा येसू तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. ओल्या पावलांच्या बाजूला बघायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं. तरी मानेवर गार वाफ आल्यासारखं तिला सारखं वाटत होतं.

"ठके," ती म्हणाली, "कुणी धरलाय गं तुझा हात?"

तीन दिवसांत पहिल्यांदा ठकीने तिच्याकडे बघितलं. आवाज अगदी नेहमीचा होता, सकाळी उठून भाकरी मागावी तसा.

"तू दिलास ना, आई? मग त्यांनी घेतला."

"कुणी, बाळा? भिवादादाने?"

ठकीने नाही म्हणून मान हलवली. "भिवादादा पुढच्या पोराला बसवत होता."

येसूला ते माहीत होतं.

ऐका, आता तिने काय लपवलं होतं ते सांगते. "घेतला" हा शब्द तिने ऐकला होता, हे खरं. पण तो आवाज भिवाचा नव्हता. भिवा सकाळपासून ओरडून घोगरा झाला होता. हा आवाज खोल होता, ओला होता, आणि तो पाळण्याच्या बाजूने नाही, लाल कापडाच्या मागून आला होता. येसूला तेव्हाच कळलं होतं. तिने वळायला हवं होतं. पण बोटं सोडताच डावा हात कासाराच्या मुठीत गेला, बांगडी अर्ध्यावर आली, आणि तिने मनाशी म्हटलं, असेल भिवाच. मी उगाच घाबरते, सगळे म्हणतातच.

आयुष्यभर जी धोट्याच्या आवाजाला दचकली, ती एकदाच दचकायला हवं तिथे दचकली नाही.

ती धावत सुईणआजीकडे गेली आणि तिच्या पायांशी बसून सगळं बोलली. सुईणआजीने तिला उठवलं नाही, की थोपटलंही नाही. ती म्हणाली, "मी पोर धरते ना, तेव्हा आईपासून सुटायच्या आधी माझ्या हातात आलेलं असतं. मधे एवढीशी फट ठेवत नाही. तुम्ही फट ठेवलीत. आणि आता तिघं मिळून ती रुंद करताय. एक एक जण 'मी नाही' म्हणतो आणि एक एक पाऊल ते तिला नेतं. ज्याचा कुणी धनी नाही, ते नेण्यात चोरी कसली?"

"मग मी पंचांपुढे सांगते," येसू म्हणाली.

"पंचांपुढे कशाला? कुंडावर सांग. ऐकणारा तिथे आहे."

चौथ्या दिवशी सुईणआजीने घरोघर काठी आपटून गावाला कुंडावर बोलावलं. पंच आले. भिवा आला, मान खाली घालून. पाटील आले आणि वरच्या पायरीवर, सगळ्यांच्या मागे, काठी टेकून उभे राहिले. कापड अजून तिथेच होतं, एका टोकाने सुटून लोंबत होतं. ऊन असं होतं की दगडांना हात लावता येत नव्हता. आणि त्या उन्हात कुंडातून गारवा वर येत होता.

ठकी आली. उजवा हात वर करून ती खिंडारातून आत गेली आणि पायऱ्या उतरू लागली. एक. दोन. तीन. पाण्यावर पहिल्यांदाच रेघ उठलेली लोकांनी बघितली. ती आतून बाहेर नाही, काठाकडून आत जात होती.

येसू तिच्यामागे उतरली. तिने ठकीचा डावा हात दोन्ही हातांनी धरला आणि पाण्याकडे बघून बोलली. आवाज फाटत होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"मी दिला. कुणाला दिला ते बघितलं नाही. आवाज भिवादादाचा नव्हता, हे मला तेव्हाच कळलं होतं. बांगड्या अर्ध्या राहतील म्हणून मी वळले नाही. हे माझं आहे. पोर माझी आहे."

ठकीचं पाऊल हवेत थांबलं. मग तिचा उजवा हात ताणला गेला, आणि ती आणखी एक पायरी खाली गेली. येसू तिच्याबरोबर फरपटत गेली.

"हिने सांगितलं ना," एक पंच घाईने म्हणाला, "मग आता ठरलं. चूक आईची."

सुईणआजीने त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरला.

भिवा रडत होता. त्याने डोक्याचं मुंडासं काढून फेकलं आणि पायऱ्या उतरला. ठकीच्या कमरेला त्याने मिठी घातली. "रांगेत उभं राहिलं की पोर माझं," तो म्हणाला. "माझा पाळणा बघून आलं ते. माझ्या पाळण्यामागे खिंडार आहे हे मी खांब रोवताना बघितलं होतं, तरी रोवला, कारण तिथे सावली होती. आणि सकाळपासून मी एकाही पोराचं तोंड बघितलं नव्हतं. हे माझं आहे."

ठकीचं पाऊल पुन्हा थांबलं. पुन्हा ताण आला. आता तिघंही मिळून खाली सरकत होते. पाणी ठकीच्या घोट्यांना लागलं आणि तिचे ओठ निळे पडले.

सगळ्यांच्या माना वर वळल्या.

पाटील उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की ते काहीतरी शोधत आहेत: असं काहीतरी जे खरं असेल, आणि तरी त्यांचं नसेल. दवंडी. खापरपणजा. राजा. त्यांनी तोंड उघडलं. "राजदरबारी हे प्रकरण..." ते म्हणाले.

ठकी गुडघ्यापर्यंत पाण्यात गेली.

तेव्हा सुईणआजी पाटलांपुढे गेली. उंचीने ती त्यांच्या छातीइतकीही नव्हती. सगळ्यांसमोर ती त्यांना अरेतुरे बोलली, कारण तो हक्क तिला होता. "तू पायाळू होतास," ती म्हणाली. "तुझ्या आईने आशा सोडली होती. मी म्हणू शकले असते, माझं काय त्यात. बोल आता."

काठी पाटलांच्या हातातून सुटली आणि पायऱ्यांवरून खडखडत गेली. ते उतरले. कमरेइतक्या पाण्यात शिरले. जिथे कुणीच दिसत नव्हतं त्या जागेवर, ठकीच्या वर गेलेल्या हाताच्या पुढे, त्यांनी आपला हात घातला, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या जागी काहीतरी होतं. तिथे ते काय म्हणाले, ते फार हळू म्हणाले.

"कठडा पडलाय, हे मला माहीत होतं. तो बांधायच्या ऐवजी मी झाकला. हे माझं आहे."

पाण्याखाली काहीतरी मोठं वळलं. वर काही आलं नाही, आवाजही झाला नाही, फक्त हिरव्या पाण्यात एक गडद जागा होती ती खाली खाली गेली आणि दिसेनाशी झाली. ठकीचा हात एकदम खाली पडला. ती खोकली, भवताली बघितलं आणि भोकाड पसरून रडायला लागली. त्या गावाने त्याआधी पोराचं रडणं इतकं कान देऊन कधी ऐकलं नव्हतं.

ठकी परत आली. पण पाटलांनी बोलायला लावलेला वेळ फुकट गेला नव्हता, त्याची किंमत कुणीतरी दिली होती. ठकीचा उजवा हात त्या दिवसापासून मनगटाखाली गार राहिला. उन्हाळ्यातही गार. बोटं हलायची, पण मिटायची नाहीत. पुढे ती डाव्या हाताने जेवायला शिकली, डाव्या हाताने मागावर बसायलाही शिकली. एकदा तिने आईला विचारलं, की हा हात कधी बरा होईल. येसूने तिला खोटं सांगितलं नाही.

पंच त्याच संध्याकाळी बसले. आता निवाडा सोपा आहे, असं त्यांना वाटलं. तिघांनी कबूल केलंय, तर दोष तिघांत वाटून टाकू, म्हणजे एकेकाला थोडा थोडा येईल. भिवालाही ते बरं वाटलं. येसूनेही मान वर केली.

सुईणआजी उठून उभी राहिली. "भाकर आहे का ती, वाटून खायला?" ती म्हणाली. "आईने वळून बघितलं असतं, तर पोर पडली नसती. एकट्या आईने. भिवाने तोंड बघितलं असतं, तरी पडली नसती. एकट्या भिवाने. आणि कठडा असता, तर आई आंधळी आणि भिवा बहिरा असता तरी पडली नसती. तिघांतला एक जरी जागा असता, तरी पुरला असता. मग सांगा, कुणाचा दोष कमी?"

पंचांनी तिचंच बोलणं निवाडा म्हणून लिहून घेतलं. कठडा पाटलांनी स्वतः दगड वाहून बांधायचा. भिवाने ज्याचं तोंड नीट बघितलं नाही असं एकही पोर पाळण्यात बसवायचं नाही, मग रांग कितीही थांबो. आणि ठकीच्या गार हाताने जन्मभर जे जे होणार नाही, ते ते करायला तिघांनी जन्मभर धावून जायचं. आई आहे म्हणून येसूला सूट नाही, आणि आई आहे म्हणून सगळं तिच्यावरही नाही.

पाटलांचे हात सोलवटले. कठडा उभा राहायला एक महिना लागला. लाल कापड कुणी काढलं ते कळलं नाही. एका सकाळी ते तिथे नव्हतं.

जत्रेनंतर पंधरवड्याने येसूचा नवरा पेठेहून परतला. वेशीवरच कुणीतरी त्याला अर्धवट सांगितलं होतं. तो धावत घरी आला, ठकीला जवळ घेतलं, आणि तिचा तो हात हातात येताच दचकून थांबला. मग दारात उभ्या असलेल्या माणसांकडे बघून त्याने विचारलं, "हे कुणामुळे झालं?"

येसू म्हणाली, "माझ्यामुळे."

भिवा बाहेरून म्हणाला, "माझ्यामुळे."

पाटील, ज्यांनी जन्मात कुणा विणकराच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं, ते उंबऱ्याशी आले आणि म्हणाले, "माझ्यामुळे."

नवरा एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिला. एक पोर पडली, आणि तिचे पुरते तीन अपराधी, हे गणित त्याला जुळेना. ठकीचा गार हात मात्र त्याने खाली ठेवला नाही. दोन्ही तळव्यांत धरून, चोळत, तो तसाच बसून राहिला. अंधार पडेपर्यंत ते चौघेही तिथेच होते.

म्हणून सांगते: मुलाची जबाबदारी वाटली म्हणून कमी होत नाही, ती ज्याच्या ज्याच्या हाती येते, त्याच्या वाट्याला अख्खीच येते.